पगार नगरसेविकेचा, वकीलपत्र भाजीवालीचं?

नाशिकच्या पंचवटीतून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा :

"ताई, माझं वय २५. बी.ए. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलं. मागच्या वर्षी सनद मिळाली, बार कौन्सिलची परीक्षाही सुटली. सीबीएसजवळच्या कोर्टात एका सरांकडे ज्युनिअर आहे. महिन्याला सहा हजार मिळतात, तेही आठवण केली तर. जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीत एका उमेदवारताईंचं काम केलं. मतदार यादीच्या हरकती, उमेदवारी अर्ज, प्रतिज्ञापत्र, खर्चाची वही, जाहीरनामा, सगळं माझ्याकडे होतं. इतकं रमून मी आजवर कुठलंच काम केलं नव्हतं. त्या निवडून आल्या. आता म्हणतात, माझ्या कार्यालयात पूर्णवेळ ये, पंचवीस हजार देते, शहराच्या धोरणाचं सगळं तूच बघ. दुसरीकडे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या मावशींची गाडी अतिक्रमणवाल्यांनी उचलली, तेव्हापासून मला चैन नाही. मला नागरी हक्कांची वकिली करायची आहे. एका अमेरिकन वकील बाईंबद्दल वाचलं होतं. आधी हक्कांचे खटले, मग निवडणूक मोहिमा, मग महापौरांच्या कार्यालयात शहर धोरणाचं काम. अगदी तसंच करायचं माझ्या मनात आहे. आई म्हणते जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा दे. बाबा सातपूरला कंपनीत आहेत, ते म्हणतात प्लॉटच्या केसेस घे, पैसा तिथेच आहे. मामा म्हणतो कर्ज काढ आणि बाहेर जाऊन एलएल.एम. कर. मी काय करू?"

तुझ्या पत्राचं दुसरं आणि चौथं पान शेजारी शेजारी ठेवून वाच. दुसऱ्या पानावर तू लिहितेस, "जाहीरनाम्यातलं फेरीवालामुक्त रस्त्यांचं वचन मीच सुचवलं होतं, लोकांना ते फार आवडलं." चौथ्या पानावर मावशींची गाडी उचलली म्हणून तुला चैन नाही. आणि मधल्या पानावर पंचवीस हजारांची नोकरी आहे. तिन्ही गोष्टी तू सरळ मनाने लिहिल्यास, पण त्या एकमेकींच्या अंगावर येतात हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही. यात मी तुला दोष देत नाही. रस्ता अडतो, शाळेची रिक्षा अडकते, ही तक्रारही खोटी नाही आणि मत देणारा माणूस ती करणारच. पण उद्या मावशी तुझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माझी गाडी सोडवून दे," तर तू कोणाची? ज्यांच्या वचनामुळे गाडी उचलली गेली त्यांच्याकडून पगार घेणारी, की मावशींची?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नोकरी घेऊ नकोस, कोर्टात राहा. निवडणुकीचं आणि शहर धोरणाचं काम सोडायचं नाही, पण ते सनद खिशात ठेवून, वकील म्हणून करायचं. कोणाची पगारी माणूस म्हणून नाही.

याचं पहिलं कारण अगदी कोरडं, नियमाचं आहे आणि ते तुझ्या सरांनी तुला सांगायला हवं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ काढून वाच. वकिली चालू असताना वकिलाला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. तशी नोकरी धरलीस तर बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेतो वकिली थांबवायची. म्हणजे नगरसेविकाबाईंच्या कार्यालयात बसलीस की वकिलाचा तुझ्या गळ्यातला पांढरा बँड गेला पेटीत. मावशींचा साधा अर्जही तू वकील म्हणून चालवू शकणार नाहीस. "कोण बघतंय" असं तुला बाररूममध्ये चार जण सांगतील. ज्या क्षेत्रात तू महापालिकेच्या अधिकाऱ्यांच्या आणि आमदार-नगरसेवकांच्या विरोधात उभी राहणार आहेस, तिथे बघणारे पुष्कळ असतात, आणि बरोबर नको त्या दिवशी बघतात.

आता मावशींच्या गाडीकडे येते, कारण तुझी सगळी वकिली त्या गाडीत आहे असं मला वाटतं. तू लिहितेस की त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती आणि तीवर "गाडी १, भाजी" एवढंच लिहिलं होतं. तुला ती चिठ्ठी पाहून वाईट वाटलं. वकिलाला ती पाहून आधी कायदा आठवला पाहिजे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा तुझ्या अभ्यासक्रमात बहुधा नव्हता. त्याचं कलम १९ सांगतं की माल जप्त केला तर त्याची यादी करायची आणि सहीनिशी विक्रेत्याला द्यायची. "गाडी १, भाजी" ही यादी नव्हे. जुड्या किती, तराजू होता का, वजनं किती, ताडपत्री, छत्री, सगळं त्यात यायला हवं. माल नाशवंत असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, नाशवंत नसेल तर कामकाजाच्या दोन दिवसांत. मेथी दुसऱ्या दिवशी कोणाच्या कामाची, हे कायदा करणाऱ्यांनासुद्धा कळलं होतं. शुल्क भरावं लागतं, ते भरायचं आणि पावती घ्यायची.

आणि याही आधीचा प्रश्न. कलम ३ म्हणतं की शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रं दिल्याखेरीज कोणाला उठवायचं नाही. मावशींचं नाव यादीत आहे का? नसेल तर का नाही? सर्वेक्षण झालं त्या दिवशी त्या आजारी होत्या, की कोणी विचारायलाच आलं नाही? उठवून दुसरीकडे हलवायचं तर कलम १८ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागते. हे सगळं ठरवणारी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. तक्रार निवारण समितीही आहे, तिचा अध्यक्ष न्यायाधीश किंवा दंडाधिकारी राहिलेला माणूस असतो. एवढ्या पायऱ्या चढून झाल्यावरच उच्च न्यायालय. नाशिकची रिट याचिका मुंबईच्या मुख्य पीठात चालते, तेव्हा त्या दिवशी पहाटे नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस. पण दहांतल्या नऊ गाड्या मुंबईला न जाताच सुटू शकतात, जर कोणी पंचवटी विभागीय कार्यालयात त्याच दुपारी अर्ज देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घेतला असेल तर. तो "कोणी" नसतो, म्हणून मेथी सडते.

नागरी हक्कांची वकिली म्हणजे घटनापीठापुढचं भाषण असं तुला वाटत असेल, तर तसं ते क्वचित कधी असतं. १९८५ साली ऑल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तो निकाल तू परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिला असशील. त्या निकालापासून पथविक्रेत्यांचा कायदा यायला २०१४ साल उजाडलं. आणि त्या कायद्यापासून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंतचं अंतर अजून तसंच आहे. ते कापायला पायी चालणारे वकील लागतात.

अमेरिकेतल्या बाईंचं उदाहरण वाईट नाही, पण ती वाट इथे तशीच्या तशी नाही. का नाही, ते समजून घे, नाहीतर दहा वर्षांनी आपण कमी पडलो असं वाटत राहील. तिथे १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा आहे, पण वकिलाच्या पोटाच्या दृष्टीने मोलाचा आहे तो १९७६ चा एक छोटा कायदा. सरकारी यंत्रणेने हक्क डावलला म्हणून खटला जिंकला, तर जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी हरलेल्या सरकारकडून वसूल करून देण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयाला मिळाला. त्यामुळे गरिबाचा खटला लढवूनही तिथे ऑफिस चालू शकतं. आपल्याकडे जिंकलीस तरी खर्चाचा हुकूम बहुधा नावापुरता असतो. म्हणून इथला हक्कांचा वकील चेक बाऊन्स, अपघाताचे दावे, कुटुंब न्यायालय यांवर घर चालवतो. यात कमीपणा काही नाही.

दुसरा फरक महापौरांचा. अमेरिकेतल्या अनेक शहरांत महापौर हाच शहराचा कारभारी असतो, म्हणून त्याच्या कार्यालयात धोरणाच्या नोकऱ्या असतात. आपल्या महापौरांची मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे. ही रचना मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात होती. फिरोजशहा मेहता हे त्या कायद्यामागचं मोठं नाव, आणि तेही बॅरिस्टरच. तीच घडण १९४९ च्या महापालिका अधिनियमात आली आणि आपल्या नाशिकला तोच अधिनियम लागू आहे. तेव्हा नगरसेविकाबाई "शहराच्या धोरणाचं तूच बघ" म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात ते काय असेल, याचा अंदाज घे. नळाला पाणी नाही, पथदिवे बंद, दहाव्याला जायचंय, फ्लेक्सचा मजकूर, लग्नाच्या पत्रिकांना उत्तरं. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, नगरसेवकाचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. पण ते करून तू धोरण शिकणार नाहीस.

तुला नमुना हवाच असेल तर पंचवटीतल्या मुलीने अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाबासाहेब त्याचे नेते, पण इथे ठाण मांडून तो वर्षानुवर्षं चालवला दादासाहेब गायकवाडांनी. ते वकील नव्हते. पुढे ते आमदार झाले, नाशिकचे खासदार झाले, भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मोहीम चालवायची म्हणजे काय, याचा धडा तिथे आहे.

वकिलीचा धडा महाडचा. चवदार तळ्याच्या गोष्टीतली मिरवणूक सगळ्यांना माहीत असते, दावा कोणी वाचत नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर गेले. त्याच डिसेंबरात, दुसरी परिषद तोंडावर असताना, विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. दाव्यात स्वतः बाबासाहेब प्रतिवादी होते. सत्याग्रहाला हजारो लोक जमलेले, आणि हुकूम पाळायचा की मोडायचा हे तिथल्या तिथे ठरवायचं होतं. त्यांनी हुकूम पाळला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. तळं नगरपालिकेचं आहे, आणि इतरांना बंदी करणारी अनादी काळाची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढाच तो निकाल. भाषण नाही, टाळ्या नाहीत. मिळकत कोणाची आणि पुरावा काय, यावर सगळं ठरलं. आणि त्याच १९३७ साली फेब्रुवारीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडणूक जिंकून कायदेमंडळात गेले होते.

विधिमंडळाचा ठराव, नगरपालिकेचा ठराव, मोहीम, दावा, निवडणूक. तू ज्या तीन गोष्टींतून एक निवडायला निघाली आहेस त्या तिन्ही त्यात आहेत. बॅरिस्टरीची सनद हाताशी असलेल्या माणसाला त्या पेलल्या, कारण त्यांच्या पोटाचा आणि शब्दाचा मालक दुसरा कोणी नव्हता.

निवडणुकीच्या कामाबद्दल. ते तुला आवडलं हे चांगलंच आहे आणि तुला ते जमतंही, हे तुझ्या पत्रातल्या बारकाव्यांवरून कळतं. पण त्याच्यावर संसार उभा करू नकोस. नाशिकचंच बघ. २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मार्च २०२२ पासून मध्ये प्रशासक. म्हणजे जवळजवळ चार वर्षं १२२ नगरसेवकांच्या जागी एक अधिकारी. मोहिमांवर पोट असणाऱ्यांनी त्या काळात काय खाल्लं असेल? आणि हे का झालं? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे खटले. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या असं सांगितलं, तेव्हा गाडी हलली, आणि तरी २०२६ उजाडलंच. ज्या निवडणुकीत तू रमलीस ती निवडणूकच मुळात वकिलांच्या हातून आली होती.

तेव्हा निवडणुकीत वकिलाचं काय काम असतं, त्यात हात बसव. प्रभागरचनेच्या हरकती, मतदार यादीतली घुसवलेली आणि गाळलेली नावं, छाननीच्या दिवशीचे आक्षेप, जात वैधता प्रमाणपत्रं, खर्चाचा हिशेब, निकालानंतरची निवडणूक याचिका. याचिकेची मुदत दहा दिवसांची, आणि गुलालाच्या धुंदीत किंवा हरल्याच्या दुःखात ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. हे काम प्रकरणागणिक फी घेऊन करायचं असतं. त्यात नियम ४९ आडवा येत नाही. फक्त एक पथ्य. उमेदवाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढे त्याच्याविरुद्ध वापरायची नाही. म्हणून प्रत्येक निवडणुकीत कोणाचं काम घेतो, ते विचार करून घे. तुझं एखाद्या पक्षाशी मन जुळत असेल तर त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

आणि मोहीम म्हणजे निवडणूकच, असंही नाही. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम २०१३ साली नाशिकमधूनच उभी राहिली. त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा राज्याचा कायदा आला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. ६ मार्च २०१८ ला सुरगाणा-पेठकडचे आदिवासी शेतकरी सीबीएस चौकातून मुंबईला चालत निघाले, १२ तारखेला आझाद मैदानावर पोचले. त्यांची मुख्य मागणी वनहक्काच्या दाव्यांची होती. असा प्रत्येक दावा म्हणजे एक फाइल. मोर्चा सात दिवसांत संपला, फाइलींचं काम किती वर्षं चालेल ते तूच सांग.

आता शहर धोरण. हे शिकायला आयुष्यातली दोन वर्षं देऊन पदवी घ्यायची असेल तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, बंगळुरूला आयआयएचएस, अहमदाबादला सेप्ट. तिन्ही चांगल्या. पण आत्ता नको. आधी राजीव गांधी भवनाच्या, आपल्या महापालिकेच्या पायऱ्या झिजव. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेतले अभिलेख नागरिकांना पाहता येतात. अर्ज नाही, तीस दिवसांची वाट नाही. पहिल्या सोमवारी तुला कोणीतरी म्हणेल, "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या." परिपत्रकाची प्रत सोबत ठेव आणि खुर्ची ओढून बस. नगररचना विभागात एखादी कलम ३७ ची फाइल माग. शहराच्या विकास आराखड्यातलं जागेचं आरक्षण बदलायचं झालं की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या याच कलमाखाली फेरबदल होतो. महिनाभर हरकती मागवतात, वर्तमानपत्रात बारीक टाइपात सूचना येते आणि बहुतेक वेळा हरकत घेणारा एकही नसतो. मैदानाचं आरक्षण असं निघून जातं. शेजारच्या मुलांना कळतं ते कुंपण पडल्यावर.

मखमलाबादला स्मार्ट सिटीच्या नावाने टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना आखली तेव्हा शेतकरी उभे राहिले, ते नकाशा वाचायला शिकले म्हणून. तपोवनातल्या झाडांवरून २०२५ च्या अखेरीस एवढा गदारोळ झाला, तोही वृक्षतोडीच्या हरकतींच्या नोटिशीतून सुरू झाला. त्या हरकती कशा लिहिल्या गेल्या ते वाच. पुष्कळ हरकतींत नुसता संताप असतो. ज्या हरकतीत झाड क्रमांक, जागा आणि वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यातला आधार असतो, तिलाच अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्यासाठी २०२५ मध्ये वेगळं कुंभमेळा प्राधिकरण नेमलं आहे. शहराचे कोणते निर्णय महासभेत होणार आणि कोणते प्राधिकरणात, हे नीट समजलेले वकील नाशिकमध्ये फार नसतील. रामकुंड परिसरातले फूलवाले, प्रसादवाले, टपरीवाले, नावाडी यांना येत्या काळात त्यांचीच गरज लागणार आहे. धोरण शिकायचं म्हणतेस ना, मग याहून मोठा वर्ग तुला कुठे मिळणार?

पैशाचं तू लिहिलंस ते बरं केलंस, लोक ते टाळतात. सहा हजारांत पंचवटी ते सीबीएसचं पेट्रोल आणि चहा भागतो, बाकी आईवडिलांवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. सक्ती नाही, शिफारस आहे. तरी ते छापून सरांच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही. निदान बारा हजार माग, आणि संध्याकाळी सहानंतर स्वतःच्या केसेस घ्यायची मोकळीक माग. ती मोकळीक पैशांपेक्षा जास्त कामाची. सर नाही म्हणाले तर सर बदल, वकिली नको बदलूस. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर यायला साधारण तीन वर्षांची वकिली लागते, ते ध्यानात ठेव. बाबा म्हणतात त्या प्लॉटच्या केसेसही घे. सात-बारा, फेरफार, सिटी सर्व्हेचा उतारा, बिनशेती आदेश हे ज्याला वाचता येत नाही त्याने शहर धोरणावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांना सांग, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. त्यांना बरंही वाटेल.

आईची काळजी तर सर्वोच्च न्यायालयानेच मिटवली आहे. मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. म्हणजे आत्ता बसायचं म्हटलंस तरी बसता येणार नाही. ती तीन वर्षं तुझ्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. तोवर कोर्टात राहणं ही आईच्याच इच्छेची तयारी आहे, हे तिला समजावून सांग. आणि नगरसेविकाबाईंकडे गेलीस तर तो काळ मोजला जाणार नाही, हेही सांग.

मामाला एवढंच सांग की कर्ज डोक्यावर घेऊन परत आलेला वकील मावशींची गाडी सोडवायला जात नाही, त्याला हप्ता भरायचा असतो. शिष्यवृत्ती मिळाली तर तिशीच्या आत केव्हाही जा.

पंचविशीतच सरकारचं आतलं काम बघायची तुला फारच घाई असेल, तर मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार कर. वयाची अट २१ ते २६ आहे, त्यामुळे तुझ्या हातात फार फेऱ्या नाहीत. त्या काळात वकिली थांबेल, पण वर्षभरच. नगरसेविकाबाईंच्या नोकरीपेक्षा मला ते बरं वाटतं, कारण तिथून तू कोणाचीही न होता परत येशील.

राहिलं नगरसेविकाबाईंना काय सांगायचं. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. भेटायला जा, निवडून आल्याबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन कर आणि एका पानावर लिहून दे. पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, नियम ४९ मुळे. महासभेपुढच्या विषयपत्रिकेवर कायद्याचं मत हवं असेल तर विषयागणिक फी घेऊन देईन. विक्रेत्यांना उठवण्याच्या कोणत्याही प्रकरणात तुमच्या बाजूने काम करणार नाही. त्या नाराज होतील, होऊ देत. मग त्यांना तू सुचवलेल्या वचनाचं काय करायचं तेही सांग, कारण ते तुझंही देणं आहे. रस्ता मोकळा करायचा कायदेशीर रस्ता फेरीवाला क्षेत्रं आखण्यातून जातो, आणि ती आखायला नगर पथविक्रेता समितीची बैठक व्हावी लागते. शेवटची बैठक कधी झाली, प्रभागात किती प्रमाणपत्रं दिली, क्षेत्राच्या पाट्या कुठे लागल्या, हे नगरसेविका म्हणून त्यांनी प्रशासनाला लेखी विचारावं. पत्राचा मसुदा तू करून दे. त्याची फी मात्र घेऊ नकोस.